कागदाचा कल आधी पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आपल्या पुरवणीत घरच्या घरी शुभेच्छापत्रं कशी करावीत, याबद्दल मजकूर आला होता. सोबत सामानाची यादी होती. यादीत २३ वस्तू होत्या, मी मोजल्या. चौथीतल्या माझ्या नातीने ती यादी कापून फ्रिजवर लावली आणि एका संध्याकाळी तिच्या बाबाने तिला कॉलेज रोडला नेऊन सगळं घेऊन दिलं. बिल झालं १,१८० रुपये.

पिशवीतून चार रंगांची चमकी निघाली, चमकीचेच पेन, फोमच्या शीट, चिकटवायचे मोती, फुलपाखरू पाडणारा पंच आणि ग्लू गन. सगळ्यात तळाशी, सुरळी करून रबर लावलेल्या दहा कार्डशीट. जाडी किती, कागद कुठल्या जातीचा, कशावर काही लिहिलेलं नाही. आपल्या यादीत कागद अठराव्या क्रमांकावर होता, नुसता ‘रंगीत कागद’ म्हणून. माझं भांडण त्या अठराव्या क्रमांकाशी आहे.

पोरीने लाल शीट घेतली, मधोमध दुमडली, नखाने घडी दाबली आणि घडीवर उभी पांढरी भेग पडली. दुसरी शीट घेतली, तेच. तिसऱ्या वेळी तिचा चेहरा उतरला. “आजी, माझ्याच हातून फाटतंय.” तिच्या हाताचा काही दोष नव्हता. कागद उलटा दुमडला जात होता आणि ते तिला सांगणारं कोणी नव्हतं. दुकानदाराला ते माहीत नव्हतं, यादीत ते नव्हतं आणि मी बाल्कनीत लसूण सोलत बसले होते.

आता मी कोण, ते सांगते. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, भद्रकाली भागातल्या एका बोळात बाइंडिंगचं दुकान होतं. वर्षभर शाळेच्या वह्या आणि वाचनालयांची पुस्तकं, दसऱ्यापासून पुढे व्यापाऱ्यांचे रोजमेळ आणि खतावण्या, लाल खारव्यात बांधलेल्या. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री अण्णा दुकानातच झोपत. मशीनखाली पडलेली कातरण पोत्यात भरून रद्दीवाल्याकडे जायची; त्यातल्या बऱ्या पट्ट्या मी त्याआधीच उचललेल्या असायच्या. आमची संक्रांतीची भेटकार्डं त्या पट्ट्यांची. बाजारातलं कार्ड आमच्या घरी यायचं ते फक्त दुसऱ्यांनी पाठवलेलं.

नवा कागद हातात आला की अण्णा तो दोन्ही तळहातांत धरून वाकवून बघायचे. एकदा उभा, एकदा आडवा. कागद यंत्रावर तयार होतो तेव्हा लगदा पुढे धावत असतो, म्हणून त्यातले बहुतेक तंतू त्या धावण्याच्या दिशेला लागतात. प्रेसमधले लोक याला ग्रेन म्हणतात, अण्णा कल म्हणायचे. कलाच्या दिशेने घडी घातली की ती सरळ, गुळगुळीत बसते. कलाच्या आडवी घातली की तंतू मोडतात, घडी खरबरीत होते, आणि रंग नुसता वरच्या थरावर असेल तर आतला पांढरा कागद तोंड बाहेर काढतो. माझ्या नातीच्या कार्डाची भेग ती हीच.

ओळखायला पैसा लागत नाही. शीट न मोडता हलकेच वाकवा. ज्या बाजूने ती मुकाट वाकते, घडी त्या बाजूची. ज्या बाजूने ती हाताला ढकलते, त्या बाजूच्या वाटेला जाऊ नका. शंका असेल तर कोपऱ्याचा छोटा चौकोन कापून एकाच बाजूने ओला करा. तो आपोआप सुरळी होतो आणि सुरळी ज्या दिशेला लांब, तिकडे कल.

आता गंमत बघा. बाजारात ए-फोर मापाची कापलेली शीट मिळते, तिचा कल बहुतेक वेळा लांब बाजूने असतो. कार्ड करताना आपण काय करतो? तीच शीट मधोमध, आखूड बाजूला समांतर दुमडतो. म्हणजे बरोबर कलाच्या आडवी. पण तीच शीट त्याच जागी दुमडण्याऐवजी कापली, आणि प्रत्येक अर्धा तुकडा पुन्हा मधोमध दुमडला, तर नवी घडी कलाच्या दिशेने येते. एका शीटमध्ये दोन कार्डं होतात आणि दोन्हींच्या घड्या साफ. मी नातीला हे करून दाखवलं तेव्हा तिने दोन्ही घड्यांवरून बोट फिरवलं आणि “ही जादू आहे का?” असं विचारलं. मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी खरं सांगेन.

कागद जाड असेल तर कल पाहूनही थेट दुमडू नये, आधी रेघ दाबून घ्यावी. अण्णांकडे त्यासाठी हाडाची पट्टी होती, हाताळून हाताळून पिवळट झालेली. आई ती घरात येऊ द्यायची नाही. म्हणून मी आईचीच स्वेटरची सुई वापरायला लागले आणि आजही तीच वापरते. शाई संपलेलं बॉलपेन असेल तरी चालतं. स्टीलची पट्टी धरायची, सुई बेताने दाबत एकदाच ओढायची. रेघेच्या एका बाजूला चर पडते, दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. इथे नव्वद टक्के लोक चुकतात, चरीकडे दुमडतात. उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे आणि चर बाहेर राहिली पाहिजे. नव्वद हा आकडा माझ्या मनाचा आहे, पण माझ्या माहेरच्या माणसांना विचारा, ते पंचाण्णव सांगतील.

कागदाच्या जाडीबद्दल. दुकानात ‘जाड द्या’ म्हटलं की जाड मिळतो, पण किती जाड ते जीएसएमवर ठरतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७० ते ८० चा. कार्डाला २०० च्या खालचा घेतला तर ते टेबलावर उभं राहत नाही, गुडघे टेकतं. ३०० च्या वरचा घेतला तर मुलांच्या हाताला आवरत नाही. मी २५० घेते. हिशेब असा की ए-फोरच्या १६ शीट मिळून एक चौरस मीटर होतं, म्हणजे २५० जीएसएमची एक शीट साधारण साडेपंधरा ग्रॅम आणि अर्ध्या शीटचं कार्ड पावणेआठ ग्रॅम.

हा हिशेब मला एका मार खाल्लेल्या कार्डाने शिकवला. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी जळगावच्या मावशीला कार्ड केलं होतं, पूर्ण शीटचं, वर आरशाच्या टिकल्या, मणी, आणि आत कागदाच्या पुडीत हलव्याचे दाणे. तेव्हा पाकिटात दोन-चार दाणे घालून तिळगूळ पाठवायची बऱ्याच घरांत पद्धत होती. वजन काही मी केलं नाही, पाकिटावर नेहमीचं तिकीट लावून पेटीत टाकलं. पत्राच्या टपालाचा टप्पा २० ग्रॅमचा असतो आणि तिकीट कमी पडलं की कमी पडलेल्या रकमेची दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल होते. मावशीने पैसे भरून नॉटपेड पाकीट सोडवलं. आत हलव्याचं पीठ झालं होतं, मण्यांनी पाकिटाला आतून भोकं पाडली होती. तिचं उत्तर आलं, “तुझा तिळगूळ घेतला, गोड बोलते, पण दंड मी भरलाय.” ते पोस्टकार्ड अजून माझ्याकडे आहे.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला सांगते, पाकीट आधी, कार्ड नंतर. लोक उलटं करतात. हौसेने चौकोनी मोठं कार्ड करतात आणि मग त्याला पाकीट शोधत फिरतात. अर्ध्या ए-फोरचं दुमडलेलं कार्ड सी-सिक्स नावाच्या पाकिटात बसतं, त्याचं माप ११४ बाय १६२ मिलिमीटर. पाकिटाचे पाच ग्रॅम धरले तरी एकूण तेरा ग्रॅमच्या आत राहतं, सजावटीला पुष्कळ जागा उरते. बहुतेक दुकानांत मात्र ९ बाय ४ इंचाचं लांब पाकीट तेवढं मिळतं. तेच हाताशी असेल तर ए-फोर लांब बाजूला समांतर दुमडा, घडी कलाच्या दिशेनेच येते, आणि पाकिटात मावेल इतकी छाटा. मी शहरातल्या तीन दुकानांत सी-सिक्स मागितलं. एकाने मला मोबाइलचं कव्हर दाखवलं. ज्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाची टपाल तिकिटं छापली जातात, त्या गावात पाकिटाचं माप कोणाला माहीत नसावं याची मला जरा लाज वाटली.

गोंदाकडे वळते. ग्लू गन चौथीच्या मुलीच्या हाती द्यायची वस्तू नाही. आतला गोंद शंभर अंशांच्या वर तापतो आणि चटका बसला तर झटकून पडत नाही, चिकटून राहतो. शिवाय कार्डावर त्याचा टेंगळासारखा गोळा उठतो. पांढरा गोंद चांगला, पण त्यात पाणी असतं आणि पाण्याने कागद फुगून लाटा येतात. म्हणून बाटलीच्या तोंडातून थेट ओतू नये. पुठ्ठ्याच्या पट्टीने पातळ पसरावा, चिकटवावं आणि वजनाखाली रात्रभर ठेवावं. अण्णांकडे लोखंडी शिकंजा होता. माझ्याकडे कडाप्प्याचा उरलेला तुकडा आहे, स्वयंपाकघराचा ओटा केला तेव्हाचा, आणि त्याचं काम शिकंज्यापेक्षा कमी नाही.

माझी आवड मात्र खळीची. मैदा एक वाटी, पाणी पाच-सहा वाट्या, आधी थंड पाण्यात गाठी मोडून मग मंद आचेवर, पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. अण्णा त्यात मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. द्राक्षबागेत फवारायच्या बोर्डो मिश्रणातलाच तो मोरचूद. दिंडोरीच्या मामांकडे गेलं की बागेतल्या पानांवर तोच निळसर डाग दिसायचा आणि मला दुकान आठवायचं. मुलांच्या खळीत मोरचूद अजिबात घालू नका, विष आहे ते. बिनमोरचुदाची खळ दोन दिवसांत संपवायची, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आठवण करून देते.

आता चमकी. ही चमकी म्हणजे बारीक चिरलेलं प्लास्टिक. आमच्या घरात दिवाळीची चमकी अजून निघते आहे. परवा पोळीवर निघाली. फरशी पुसली की ती मोरीत जाते, आणि मोरीचं पाणी कुठे जातं ते गोदाकाठच्या माणसाला सांगायला नको. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत मिठाईचे बॉक्स आणि निमंत्रणपत्रिका यांच्यावर गुंडाळायची फिल्मसुद्धा आहे. तरी आपल्या यादीत एकविसाव्या क्रमांकावर ‘कार्डाला चकाकी येण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचं वेष्टन’ होतंच. हे आपल्या संपादकीय विभागाच्या नजरेतून कसं सुटलं?

चकाकीच हवी असेल तर ती आपल्या टोपलीत पडलेली असते. कांद्याचा पापुद्रा! लासलगावचा बाजार ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या मुलांनी चमकी विकत आणावी, याला काय म्हणावं. दिवाळीच्या सुमारास कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा येतो, त्याची टरफलं पातळ, कोरडी आणि एकावर एक भरपूर असतात. गुलाबी-तांबूस रंग आणि वर रेशमासारखी झाक. ती पाच मिनिटं पाण्यात टाकायची, मऊ झाली की फडक्यावर पसरून टिपायची, दोन कागदांत घालून पुस्तकाखाली ठेवायची. सपाट झाली की कात्रीने हवा तो आकार कापून खळीने चिकटवायचा. दिव्याची ज्योत करायला याहून सरस काही मला सापडलेलं नाही, कारण पापुद्र्याच्या शिरा वर निमुळत्या होत जातात, ज्योतीसारख्याच. माझ्या भाजीवाल्याला वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं, पण तो टरफलं वेगळी काढून ठेवतो.

बोगनवेलीची फुलं दाबून वाळवली तर त्यांचा रंगही बऱ्यापैकी टिकतो. द्राक्षाच्या पानाचा हिरवा टिकत नाही, तपकिरी होतो, पण आकार असा देखणा की तरी घ्यावं. ऑक्टोबरच्या छाटणीत ढिगाने मिळतं, फक्त फवाऱ्याचे डाग नसलेलं निवडायचं आणि हात धुवायचे. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत तीन आठवडे ठेवायचं. पहिल्या आठवड्यात रोज पान बदलायचं, नाहीतर बुरशी धरते.

आणि लग्नपत्रिका. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांचा पाऊस सुरू होतो. वर गणपती असतो म्हणून आपण त्या टाकत नाही, कपाटात साठत राहतात. गणपतीही आत आणि आपणही अडचणीत. त्या पत्रिकांचा कागद बहुतेक वेळा उत्तम असतो, जाड, कधी हातकागदाचा, वर सोनेरी छाप. गणपती नीट कापून नव्या कार्डावर बसवला की त्याचीही सोय होते. आमच्या घरातली निम्मी कार्डं गेली काही वर्षं अशीच जातात, आणि कोणालाही आजवर स्वतःच्याच पत्रिकेतला गणपती परत गेलेला नाही. एकदा थोडक्यात वाचले.

हातकागद विकत घ्यायचा तर पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही आपल्याकडची कागदाची जुनी गावं, जुन्नरी कागदाचं नाव तर जुन्या दप्तरांतून येतं. सुती चिंध्यांचा हातकागद वर्षानुवर्षं टिकतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन राहतं आणि उजेडात तो पिवळा पडतो. आपलं वर्तमानपत्र दोन दिवस खिडकीत राहिलं की पिवळं होतं ते त्यामुळेच, राग नसावा. हातकागदात तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात, त्यामुळे कलाची कटकट जवळजवळ नाही. त्याची झालरीसारखी कड कापू नका, तीच त्याची शोभा. लहान तुकडा हवा असेल तर ओल्या ब्रशने रेघ ओढून त्यावर हळूच फाडा, कड तशीच येते. मात्र काही हातकागदांवर शाई फुटते. आधी कोपऱ्यात एक अक्षर लिहून बघा आणि मगच ‘सप्रेम’ लिहायला घ्या.

हत्यारं म्हणाल तर पट्टी, सुई, कात्री आणि मोठ्या माणसाच्या हातात कटर. कटरला एकदाच जोर लावून कापायचं नसतं, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवायचं. पट्टी कार्डाच्या राखायच्या भागावर ठेवायची, म्हणजे हात घसरला तर कातरण बिघडते, कार्ड नाही. पातं बोथट झालं की पुढचं टोक मोडून टाकायचं. लोक काटकसर म्हणून मोडत नाहीत आणि मग कागद कापण्याऐवजी ओरबाडतात. खाली घ्यायला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा पुरतो.

माझ्या तीन मागण्या आहेत. पुरवणीत पुन्हा अशी यादी दिलीत तर कागद पहिल्या क्रमांकावर द्या, जीएसएम आणि पाकिटाचं माप लिहा, आणि ते वेष्टन काढून टाका. दुकानदारांनी कार्डशीटच्या गठ्ठ्यावर जीएसएम लिहावा आणि सुटी एक शीटसुद्धा द्यावी. दहाचा गठ्ठा घ्यायलाच लावणं हा निव्वळ त्रास आहे. शाळांनी प्रकल्पाच्या चिठ्ठीत ‘चमकी, मोती, ग्लू गन’ असं लिहून पाठवू नये. आमच्या नातीच्या शाळेतून आलेली चिठ्ठी माझ्याकडे आहे. नाव लिहीत नाही, बाईंचा हेतू चांगलाच होता.

संक्रांतीला महिना राहिला आहे. नातीने काल पहिलं कार्ड पुरं केलं, मामाला, नंदुरबारला. अर्ध्या शीटचं, वर कांद्याच्या पापुद्र्याचा पतंग आणि त्याला शिवणाच्या दोऱ्याची शेपटी. आत हलव्याचे तीन दाणे घालायचा तिचा हट्ट होता. मग बारीक लहरी पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन त्यात तीन भोकं पाडली, एकेक दाणा बसवला आणि वरून कागद चिकटवला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाकिटासकट १७ ग्रॅम भरले. आज दुपारी आम्ही दोघी ते टाकायला गेलो होतो. पत्र पेटीत पडल्याचा आवाज ऐकायला ती वाकून कान लावून उभी राहिली, मागे रांग लागली तरी हलेना.

पत्र लांबलं आहे. जागेप्रमाणे छाटा, फक्त कलाचा भाग कापू नका.

आपली,
एका बाइंडरची मुलगी
पंचवटी, नाशिक

ता. क. मामाचा फोन आला तर दाणे अख्खे पोचले की नाही ते कळवीन.